मुंबई विद्यापीठ, उन्हाळा २०१७: निकाल रखडले तेव्हा प्राध्यापक कुठे होते?

हे प्रकरण बहुतेकांना संगणकाचं म्हणून आठवतं. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचं ठरलं, यंत्रणा कोलमडली, निकाल महिनोन्महिने लांबले, कुलगुरूंना जावं लागलं. यातलं काहीच खोटं नाही. पण विद्यापीठाचा कारभार कसा चालतो, या अंगाने पाहिलं तर मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. हा निर्णय ज्या बैठकांमध्ये अडला असता, निदान ज्या बैठकांमध्ये कुणीतरी उठून ‘पण मे महिन्यात तपासणार कोण?’ असं विचारलं असतं, त्या बैठकांतल्या निवडून आलेल्या खुर्च्या तेव्हा रिकाम्या होत्या.

विद्यापीठाचं नाव लपवण्यात अर्थ नाही, राज्यभर गाजलेली गोष्ट आहे. ज्यांच्यावर हे सगळं गुदरलं त्या माणसांची नावं मात्र टाळली आहेत. पदांवर काम भागतं.

पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाचा जन्मच परीक्षा घेण्यासाठी झाला. १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते उभं राहिलं तेव्हा वाटणी सरळ होती: शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. कला, विधी, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी अशा चार विद्याशाखा होत्या. स्वतःचे अध्यापन विभाग फार नंतर आले. म्हणजे पुढे १६० वर्षांनी ज्या कामात विद्यापीठ आपटलं, ते त्याचं सगळ्यात जुनं काम होतं.

कारभारात शिक्षकांचा वाटा किती असावा, हा वादही जवळजवळ तितकाच जुना. सुरुवातीच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, सरकारने नेमलेले फेलो बसत. १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी न्या. रानडे आणि रा. गो. भांडारकर यांच्यासारखी मंडळी त्या अधिसभेत शिरली आणि तिचा नूर पालटायला लागला. १८९२ मध्ये का. त्रि. तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले, त्यांच्यानंतर लगेच भांडारकर. मग कर्झनचा १९०४ चा कायदा आला. त्याने अधिसभेचा आकार आवळला आणि बहुसंख्य जागा सरकारी नेमणुकीच्या हाती ठेवल्या. फर्ग्युसनमध्ये अनेक वर्षं शिकवलेल्या गोखल्यांनी त्याला केंद्रीय कायदेमंडळात कडाडून विरोध केला. विधेयक मंजूर झालंच. नेमलेले विरुद्ध निवडलेले हे भांडण इथे तेव्हापासून घरचंच आहे.

स्वातंत्र्यानंतर कायदे बदलत गेले, आणि १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने राज्यातल्या विद्यापीठांना एकाच चौकटीत आणलं. त्या चौकटीत एखादी शैक्षणिक गोष्ट खालून वर चढायची. आधी विषयाचं अभ्यास मंडळ, मग विद्याशाखा, मग विद्या परिषद. पैशाचा प्रश्न असेल तर व्यवस्थापन परिषद. वर्षाचा हिशेब मागायला अधिसभा. अधिष्ठाता, म्हणजे डीन, विद्याशाखेतून निवडून यायचा आणि आपलं मूळ काम, प्राचार्यपद किंवा प्राध्यापकी, सांभाळत ही जबाबदारी वाहायचा.

ही व्यवस्था सोवळी होती असं मुळीच म्हणायचं नाही. अधिष्ठात्याच्या निवडणुकीत विद्वत्तेपेक्षा पॅनलचं गणित चालायचं, हे कुणालाही विचारा. अभ्यास मंडळात आपली माणसं बसवायची, मग आपली पुस्तकं लावायची, हाही उद्योग होताच. पण त्या अधिष्ठात्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असायची: आपल्या विद्याशाखेत तपासणीला किती माणसं खरोखर येतात, किती नुसती यादीत असतात, आणि सिंधुदुर्गातल्या कॉलेजातून गठ्ठा मुंबईला पोचायला किती दिवस लागतात. मतं मागायला फिरलेल्या माणसाला एवढं कळतंच.

२०१५ मध्ये त्या वेळच्या निवडून आलेल्या मंडळांची मुदत संपली. नवा कायदा येणार होता, म्हणून सरकारने निवडणुका तात्पुरत्या पुढे ढकलणारा कायदा केला. ‘तात्पुरत्या’ हा शब्द त्या कायद्याच्या नावातच होता. प्रत्यक्षात २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ ला अमलात आला, आणि मुंबईत नव्या मंडळांच्या निवडणुका पूर्ण व्हायला २०१८ उजाडलं. मधली अडीच वर्षं कारभार पदसिद्ध आणि नेमलेल्या माणसांवर चालला.

नव्या कायद्याने आणखी एक मोठा बदल केला. पूर्वीच्या अनेक विद्याशाखा मोडून चारच ठेवल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. १८५७ मध्येही चारच होत्या, हा निव्वळ योगायोग. अधिष्ठाता आता निवडून येणार नव्हता. तो पूर्णवेळ पगारी अधिकारी झाला, निवड समितीमार्फत नेमलेला. परीक्षा नियंत्रकाचं पद जाऊन परीक्षा व मूल्यमापन मंडळाचा संचालक आला. हे सारं १ मार्चला लागू झालं आणि उन्हाळी परीक्षा मार्चमध्येच सुरू होत होत्या. जुनं घर पाडलंय, नवं बांधून व्हायचंय, आणि दारात लग्न.

समस्या

पडद्यावरच्या तपासणीची कल्पना वाईट नव्हती. हे आधी कबूल केलं नाही तर पुढचं सगळं सोयीस्कर वाटेल. निकाल आधीपासून लांबत होते. कायद्यात तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निकाल लावा असं असूनही. त्यात २०१६ च्या मे महिन्यात भांडुप पोलिसांनी अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिकांचं रॅकेट उघडकीला आणलं. कोऱ्या सोडलेल्या उत्तरपत्रिका विद्यापीठातून बाहेर काढून विद्यार्थ्यांना पुन्हा लिहायला दिल्या जात होत्या. गठ्ठ्याला हात लागूच नये यासाठी तो आल्याबरोबर स्कॅन करून टाकावा, असं कुलगुरूंना वाटलं असेल तर त्यात नवल नाही. अभियांत्रिकीत पडद्यावर तपासणी आधीपासून चालूही होती.

अडचण आकाराची होती. सातशेहून अधिक संलग्न कॉलेजं, मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतचा पट्टा, ४७७ परीक्षा, १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. एका उत्तरपत्रिकेची तीस पानं धरली तर पाच कोटींवर पानं स्कॅन करायची. एका प्राध्यापकाने दिवसाला तीस उत्तरपत्रिका तपासल्या असं मानलं, तर सुमारे ५७ हजार मनुष्यदिवस. रोज दोन हजार जण बसले, एकही सुट्टी नाही, एकदाही सर्व्हर बसला नाही, तरी चार आठवडे. मॉडरेशन, म्हणजे तपासलेल्या उत्तरपत्रिकांची फेरतपासणी, वेगळं. हा हिशेब करायला संगणक लागत नाही, पाकिटाची मागची बाजू पुरते.

आणि मे महिना म्हणजे प्राध्यापकांची सुट्टी.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय: या खेपेला हातानेच तपासायचं. कॅप सेंटर (उत्तरपत्रिका एकत्र आणून तपासायची केंद्रं), गठ्ठे, लाल पेन, सगळं ओळखीचं. निकाल थोडे उशिरा लागले असते, चार शिव्या बसल्या असत्या, विषय संपला असता. नव्या तंत्राची तयारी हिवाळी सत्रासाठी करता आली असती.

दुसरा: एकाच विद्याशाखेपासून सुरुवात. विधी घ्या, किंवा एखादा कमी विद्यार्थ्यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. अभियांत्रिकीत बसलेली घडी हळूहळू पसरवायची. वाणिज्य, जिथे विद्यार्थ्यांचा महापूर असतो, तो सगळ्यात शेवटी.

तिसरा: उत्तरपत्रिका स्कॅन करून ठेवायच्या पण तपासणी कागदावरच. २०१६ च्या रॅकेटला हे उत्तर पुरेसं होतं, कारण मूळ प्रत एकदा साठली की बाहेर नेलेल्या गठ्ठ्याला किंमत उरत नाही. हा पर्याय मला आज सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. अर्थात घटना घडून गेल्यावर शहाणं होणं सोपं असतं.

चौथा पर्याय होता सगळंच एकदम करण्याचा: सर्व विद्याशाखा, सर्व परीक्षा, याच सत्रात. निवडला तो हाच.

निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा, सगळंच एकदम करण्याचा निर्णय. इथे मंडळांचा अभाव सरळ दिसतो. वाणिज्य विद्याशाखेचा निवडून आलेला अधिष्ठाता खुर्चीत असता, तर त्याला दुसऱ्या दिवशी आपल्याच मतदारांचे फोन आले असते. शूर आहे म्हणून त्याने विरोध केला असता असं नाही. पुढची निवडणूक समोर असल्याने केला असता. संस्थांमध्ये शहाणपण पुष्कळदा असंच, स्वार्थाच्या वाटेने येतं. नेमलेल्या माणसाचा स्वार्थ नेमणाऱ्याच्या दिशेने झुकलेला असतो, आणि नेमणारा आधीच ठाम होता.

दुसरा टप्पा, न थांबण्याचा निर्णय. माझ्या मते खरा घात इथे झाला. कामासाठी कंपनी निश्चित व्हायला एप्रिल संपत आला. तोवर कित्येक विषयांच्या परीक्षा होऊन गठ्ठे पडून होते. त्या क्षणी मागे फिरणं शक्य होतं. कागद हातात होते, कॅप सेंटरची सवय मोडलेली नव्हती, प्राध्यापकांची सुट्टी लागायची होती. पण जाहीर केलेला निर्णय मागे घेणं कुलगुरूंना एकट्याने जड जातं. मंडळाच्या ठरावाने मागे फिरलं तर कुणाचं नाक कापलं जात नाही. इतिवृत्तात ‘चर्चेअंती असे ठरले की’ एवढीच ओळ उमटते. सामुदायिक कारभाराचा हा उपयोग सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

काय झालं

स्कॅनिंग रेंगाळलं. मूळ उत्तरपत्रिका आणि पुरवण्या यांची ताटातूट झाली, कारण बारकोड जुळवायचं काम घाईत झालं. प्राध्यापकाने लॉगिन करावं तर त्याच्या विषयाच्या उत्तरपत्रिकाच दिसत नसत, किंवा दुसऱ्याच विषयाच्या दिसत. आयुष्यभर कागदावर खुणा करत आलेल्या माणसाला पडद्यावर स्क्रोल करत तपासायला पहिल्या आठवड्यात दुप्पट वेळ लागतो. पुरेसं प्रशिक्षण मिळालं नाही ही त्यांची तक्रार रास्त होती.

तरी प्राध्यापकांची बाजू पूर्ण स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. तपासणी टाळणारे पूर्वीही होते, आता त्यांना ‘सर्व्हर चालत नाही’ हे भक्कम कारण सापडलं. संघटनांनी निवेदनं दिली, पण मधल्या अडीच वर्षांत निवडणुका हव्यात म्हणून जेवढा आवाज व्हायला हवा होता तेवढा कधीच झाला नाही. पगार आणि बढत्यांच्या प्रश्नावर मोर्चे निघतात; विद्या परिषद रिकामी आहे म्हणून मोर्चा निघालेला आठवत नाही.

४ जुलैला कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, ३१ जुलैची मुदत घालून दिली. इथे तिसरा टप्पा आला. उरलेलं काम कागदावर वळवायचं, की आहे त्याच वाटेने जोर लावायचा? जोर लावला गेला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात प्राध्यापकांना मोकळं करण्यासाठी कॉलेजांमधलं अध्यापन चार दिवस बंद ठेवलं. नागपूरसह इतर विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना मदतीला घेतलं. नव्या वर्षाच्या मुलांचे तास बुडवून जुन्या वर्षाच्या मुलांचे पेपर तपासण्याचा हा प्रकार त्या सबंध उन्हाळ्याचं सार होता.

३१ जुलै उलटला. मग नवी तारीख, मग आणखी एक. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कुलगुरूंना रजेवर पाठवून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे अतिरिक्त कार्यभार दिला. शेवटचे निकाल सप्टेंबरमध्ये लागले. मधल्या काळात परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेविना अडकली, विधीच्या मुलांची पुढच्या प्रवेशासाठी धावपळ झाली, प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं. लागलेल्या निकालांतही हजर असलेल्यांना गैरहजर दाखवलेलं, काहींच्या उत्तरपत्रिकाच सापडेनात. मग पुनर्मूल्यांकनाची रांग.

विधीबद्दल एक शंका मनात राहून गेली आहे. जुन्या रचनेत विधीची स्वतंत्र विद्याशाखा होती, तिला स्वतःचा अधिष्ठाता होता. नव्या रचनेत ती मानव्यविद्येत सामावली. विधीचे निकाल सर्वाधिक रखडलेल्यांमध्ये होते. दोन्हींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. पण ‘आमच्या मुलांच्या प्रवेशाची तारीख अमुक आहे, आमचे पेपर आधी घ्या’ हे अधिकारवाणीने सांगायला त्या उन्हाळ्यात विधीचं असं कुणीच नव्हतं, एवढं खरं.

परिणाम

२४ ऑक्टोबर २०१७ ला कुलपतींनी कायद्यातला अधिकार वापरून कुलगुरूंना पदावरून दूर केलं. या विद्यापीठाच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं. एप्रिल २०१८ मध्ये नवे कुलगुरू आले, ते एका नामांकित कॉलेजचे प्राचार्य होते.

पडद्यावरची तपासणी मात्र गेली नाही. ती राहिली आणि पुढे बऱ्यापैकी रुळलीही. म्हणूनच दोष तंत्राचा होता असं म्हणवत नाही. मधल्या काळात पुरवण्यांची भानगडच नको म्हणून पुरवणी देणं बंद करण्याचा फतवा निघाला. विद्यार्थी त्याविरुद्धही न्यायालयात गेले. तोपर्यंत अभ्यास मंडळं बसली असती तर कुणीतरी सांगितलं असतं की विधीच्या पेपरात मूळ उत्तरपत्रिका पुरत नाही.

अधिसभेत पदवीधरांच्या दहा जागांसाठी २५ मार्च २०१८ ला मतदान झालं. दहाही जागा युवासेनेने जिंकल्या. पक्षांचं राजकारण विद्यापीठात नको म्हणणाऱ्यांनी नाकं मुरडली. मला वाटतं, निकालाच्या गोंधळाबद्दल भर सभेत जाब विचारणारं कुणीतरी पुन्हा आत आलं, हे त्यापेक्षा महत्त्वाचं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

विद्यापीठाला काय करता आलं असतं ते वर येऊन गेलं: एका विद्याशाखेपासून सुरुवात, किंवा एप्रिलअखेर माघार. सरकारलाही दोन गोष्टी करता आल्या असत्या. नवी मंडळं येईपर्यंत जुन्या निवडलेल्या मंडळांना मुदतवाढ देणं ही पहिली. जुनी माणसं थकलेली, गटबाज, कशीही असोत, ती प्रश्न विचारायला सरावलेली होती. दुसरी, नवा कायदा १ मार्चऐवजी १ जूनला, परीक्षा आटोपल्यावर, लागू करणं. शेतकरी पेरणीच्या दिवशी बैल बदलत नाही.

पूर्णवेळ अधिष्ठात्याबद्दल माझं मत दोलायमान आहे. निवडून आलेला अर्धवेळ अधिष्ठाता फायली घरी नेऊन रात्री सह्या करायचा, हे काही आदर्श नव्हतं. पूर्णवेळ माणूस हवाच. पण नव्या कायद्यात त्याची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी बांधली आहे. कुलगुरू गेले की प्र-कुलगुरू आणि अधिष्ठातेही जातात. २०२२ मध्ये पुण्यात हे दिसलं: कुलगुरूंची मुदत संपली आणि त्यांच्याबरोबर वरची सगळी फळी एकदम मोकळी झाली, मग प्रभारींवर कारभार. ज्याची खुर्ची कुलगुरूंच्या खुर्चीला बांधलेली आहे, त्याने कुलगुरूंना ‘मे महिन्यात तपासणार कोण?’ असं विचारावं ही अपेक्षा फार आहे.

मुंबईच्या अधिसभेची मुदतही २०२२ मध्येच संपली. पदवीधरांची निवडणूक २०२३ मध्ये जाहीर झाली आणि लगेच स्थगितही झाली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ती मतदानाच्या तोंडावर पुन्हा थांबवण्यात आली. उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर २४ सप्टेंबर २०२४ ला मतदान झालं. तोवर खुर्च्या दोन वर्षं रिकाम्या राहिल्या होत्या.